कमरेला बांधलेलं कारल्याचं बी

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही आणि आता तर हातात लेखणी येते ती धोब्याचे कपडे लिहून ठेवण्यापुरती. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग कुणीतरी फुंकर मारून उधळावी तसं. यमू, तुला लागलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वही मला परत पाठव, मी पुन्हा मोठ्या अक्षरात लिहून देईन.

तू माझ्या नणंदेची सून. तुझ्या लग्नात मी तुझ्याशी दोन वाक्यंसुद्धा बोलले नाही, कारण मला चार माणसांत बोलता येत नाही. परवा नायगावहून वन्संचं पत्र आलं. मला निघालं होतं तेच दुखणं तुला निघालंय म्हणे, आणि तू विचारतेस की मामींनी कसं काढलं. समोर आलीस तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. औषधाचं मला कळत नाही, ते डॉक्टर सांगतील. मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. त्यात बियांबद्दल बरंच येईल. कंटाळू नकोस, बियांशिवाय ते सांगताच येणार नाही.

दिक

भाद्रपदापासून मला रोज दिवेलागणीला ताप यायचा आणि सकाळी उतरायचा. खोकला होताच. आम्ही तेव्हाही इथंच, लातूरला. तुझे मामा तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करतात, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादेकडचे, उर्दू बोलणारे. त्यांनी पाठ ठोकून पाहिली, थुंकी बाटलीत मागून घेतली आणि आठ दिवसांनी बोलावलं.

आठ दिवसांनी ते माझ्याकडे न बघता तुझ्या मामांकडे बघून हळूच म्हणाले, "दिक है."

मला ऐकू आलं, "ठीक है."

मी पदर सावरला आणि हसले. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. हे तर मान खाली घालून भराभरा बाहेर पडले. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, देवा, सुटले. गंजबाजाराच्या कोपऱ्यावर मी म्हटलं, "रवा घ्यायचा का? शिरा करते." त्यांनी रवा घेऊन दिला. पुडा माझ्या हातात कोंबला आणि पुढं चालू लागले. मला वाटलं, कचेरीत उशीर होतोय म्हणून चिडलेत.

घरी येऊन शिरा केला. तीन वर्षांची शकू मांडीवर बसून माझ्या बोटावरचा शिरा चाटत होती. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मीच पुढं होऊन म्हटलं, "ठीक आहे म्हणाले."

तुझे मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "ठीक नाही, आई. दिक म्हणाले. क्षय."

सासूबाई उठल्या. त्यांनी शकूला माझ्या मांडीवरून उचललं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. घासून घासून पुसलं. मला आजाराचं नाव कळलं ते डॉक्टरांच्या तोंडून नाही, त्या पुसण्यातून. शकू रडत होती, तिला आणखी शिरा हवा होता.

तुझं निदान झालं तेव्हा तू काय ऐकलंस मला माहीत नाही. पण एक कर. डॉक्टर जे म्हणतील ते मराठीत कागदावर लिहून माग. लाजू नकोस. मी लाजले आणि एक अख्खी सकाळ खोट्या आनंदात गेली. कधीकधी वाटतं, तेवढी तरी मिळाली.

उंबऱ्यावर

लातूरला ह्या दुखण्याची सोय नव्हती. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात ठेवा, दूध-लोणी द्या, मोकळी हवा द्या, असं ठरलं. पैसा नव्हता. यांनी कचेरीत अर्ज केला, तो फिरत राहिला.

आमच्या मागच्या गल्लीत महादेवीअक्का राहतात. लिंगायत, नवऱ्याचं गंजात किराणा दुकान. घरात कानडी बोलतात आणि आमच्याशी मराठी. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे त्या बोलायच्या आणि मी ऐकायची. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या मागच्या दाराशी आल्या. हातात पैशांची गाठ मारलेला रुमाल.

"हे माझं हाय. दुधाचं, शेवग्याच्या शेंगाचं. आमच्या मालकाला ठाव न्हाई, तुबी बोलू नको."

मी म्हटलं, "अक्का, परत कधी देऊ?"

"तू बरी हो, आन् तुझ्या पायानं माझ्या दारी येऊन माझ्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या हातनं मी घेणार न्हाई. सांगून ठेवते."

एवढं बोलल्या आणि रुमाल माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं सरल्या. ते त्यांच्याही ध्यानात आलं. चेहरा ओशाळला. मी रुमाल उचलला. मला राग आला नाही. त्यांच्या घरात सहा लेकरं होती.

त्या दिवसापासून माझ्यासाठी सगळं असंच खाली ठेवलं जाऊ लागलं. ताट, तांब्या, औषधाची बाटली. यमू, तुलाही तसंच होत असेल. मनाला लावून घेऊ नकोस हे सांगणं सोपं आहे. मी लावून घेतलं होतं.

नांदेडचा व्हरांडा

अहमदपूर, लोहा करत मोटारीनं नांदेडला पोचायला दिवस गेला. दवाखान्यात आम्हा बायकांना एका लांब व्हरांड्यात ठेवलं होतं, एका अंगाला जाळी. गोदावरीकडचं वारं सरळ अंगावर यायचं. कार्तिक महिना. सकाळी दूध, मग तोंडात ताप मोजायची काच, मग पडून राहणं. जेवण, मग पडून राहणं. संध्याकाळी पुन्हा काच. बोलायचं नाही, चालायचं नाही, खोकला आला तर दाबून धरायचा. न बोलण्याची मला सवयच, पण हात रिकामे ठेवायची नव्हती. पहिले पंधरा दिवस मी खाटेच्या सुतळ्या मोजल्या.

शेजारच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती, बागवानाची, सगळ्या तिला खाला म्हणायच्या. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. मी आपली सोवळ्यातली, पहिले काही दिवस तिच्याकडे पाठ करून झोपायची. एकदा तिनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बम्मन की बेटी है, सो उधर मूं करके. मेरेकू क्या, तेरी पीठ बी अच्छीच है."

मला हसू आलं. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर मी कूस बदलली, ती मग बदललेलीच राहिली.

खालाच्या उशाखाली एक गाठोडं असायचं. दुपारी ती ते खाटेवर उघडायची. चिंध्यांच्या पुरचुंड्या, प्रत्येकीत वेगळं बी. तिचा मुलगा आठवड्यानं यायचा, मळ्यातलं बी निवडायला तिच्यापुढं ओतून जायचा. मळ्याचं काम ती खाटेवरून करत होती. मी बघत राहिले. एके दिवशी तिनं माझ्या खाटेवर मूठभर बी टाकलं आणि म्हणाली, "हाथां काय कू खाली रखती? पोचट निकाल."

तिथून माझी दुसरी शाळा सुरू झाली. पहिली चौथीपर्यंतची, ही दोन महिन्यांची, आणि जास्त उपयोगी पडली ती हीच.

खाला म्हणायची, बी म्हणजे झोपलेलं लेकरू. काहींची झोप कच्ची, काहींची पक्की. मेथी, मूग, राजगिरा कच्च्या झोपेचे. पाण्याचा हात लागला की दुसऱ्या दिवशी जागे. वांगी, मिरची, टमाटे यांना आठवडा लागतो. त्यांना आधी कुंड्यात दाट पेरायचं आणि चार पानं झाली की उपटून दुसरीकडे लावायचं. भेंडी, गवार, मुळा यांना जागा बदललेली सोसत नाही, जिथं वाढायचं तिथंच पेरायचं. धने तसेच पेरलेस तर रुसून बसतात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. पाटावर पसरून चपलेनं हलके रगडायचे, दोन फाका झाल्या की पेरायचे. कांद्याचं बी वर्षात मरतं, भोपळ्याचं जुनं झालं की उलट चांगलं. आणि वर माती किती घालायची? बी जेवढं जाड, तेवढीच. जास्त घातलीस तर बिचारं वर येता येता दमतं.

आणि पक्क्या झोपेचं सगळ्यांत पक्कं म्हणजे कारलं. साल लाकडासारखी. त्यातून थंडीचे दिवस. थंडीत कारलं पंधरा पंधरा दिवस जमिनीत पडून राहतं आणि कुजतं. खालानं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला, बियांच्या टोकाची साल जराशी टवकली, त्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी ओल्या चिंधीत बांधल्या, वर एरंडाचं पान गुंडाळलं आणि पुरचुंडी माझ्याकडे दिली.

"कमर कू बांध."

"माझ्या?"

"मेरा बुखार उतर गया ना माँ. तेरेकू रोज आता. अल्ला ने तंदूर दिया तो रोटी सेक ले."

म्हणजे माझ्या रोजच्या तापाच्या उबेवर बी उगवायचं! मला आधी शिसारी आली. मग वाटलं, तो येणारच आहे, तर येऊ दे. संध्याकाळी ताप चढायला लागला की मी पोटावर हात ठेवून पुरचुंडी चाचपायची. आयुष्यात पहिल्यांदा मी तापाची वाट पाहिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर तपासताना त्यांच्या हाताला ती लागली. "ये क्या है?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. शेजारून खाला म्हणाली, "साब, आप बोले थे अंडे खाओ. ये खाती नहीं ना, तो अंडे से रही."

म्हणजे मी अंडी उबवतेय! सगळा व्हरांडा हसला. न बोलायचा नियम सगळ्यांनी एकदम मोडला. डॉक्टरही हसले आणि पुरचुंडी राहू दिली.

चौथ्या दिवशी खालानं चिंधी सोडली. काळ्या-भुऱ्या सालीतून पांढरी टोकं बाहेर आली होती, तांदळाच्या कणीएवढी. बारापैकी अकरा. खालानं त्यातली दोन माझ्या तळहातावर ठेवली. ठेवली म्हणते मी, तिची बोटं माझ्या हाताला लागली. डॉक्टर आणि आया सोडून किती दिवसांनी कुणी मला हात लावला होता. मी कणी बघतेय असं दाखवून मान खाली घातली.

पौषात खालाला तिच्या मुलानं बैलगाडीतून घरी नेलं. जाताना तिनं अर्धं गाठोडं माझ्या खाटेवर सोडलं. पुढं तिची-माझी भेट झाली नाही.

तुळशीच्या पलीकडे

माघात मला घरी सोडलं. वजन वाढलं होतं, खोकला कमी होता, पण संध्याकाळची कणकण राहिली होती. डॉक्टरांनी तुझ्या मामांना सांगितलं, संध्याकाळचा ताप पूर्ण जाईपर्यंत वेगळं ठेवा, लेकराला जवळ येऊ देऊ नका. लातूरच्या डॉक्टरांना महिन्याला दाखवत जा.

परसात एक खोली होती, पूर्वी कडबा ठेवायचे. ती सारवून मला दिली. खोलीच्या आणि घराच्या मध्ये तुळस. सासूबाईंनी शकूला सांगितलं, तुळशीच्या पलीकडे जायचं नाही. पोर गुणाची. तुळशीला टेकून उभी राहायची आणि ओरडायची, "आई, मी अलीकडंच आहे हं!" मी म्हणायची, "हो गं बाई, अलीकडंच राहा." म्हणायची आणि आत जाऊन बसायची. यमू, या आजारात माझं दुसरं काय गेलं, काय राहिलं, ते सोड. मला फक्त ती तुळस ओलांडून आलेली पोर हवी होती. ताप जायला हवा होता तो त्यासाठी.

हात रिकामे ठेवले असते तर मी वेडी झाले असते. फुटके माठ, छपरावरचे जुने कवेलू, नारळाच्या करवंट्या, सगळं गोळा केलं. चाळलेली माती, शेणखत, थोडी वाळू. पेरून झालं की वर राखेची चिमूट, मुंग्यांसाठी. पाणी तांब्यानं ओतायचं नाही, ओल्या केरसुणीनं शिंपडायचं. पहिल्या खेपेला मी प्रेमानं जास्त पाणी घातलं आणि मिरचीची सगळी रोपं मानेत मोडून आडवी झाली. नंतर शहाणी झाले.

आणि कारल्याची पुरचुंडी कमरेला. टोकं फुटली की एकेक बी पळसाच्या द्रोणात मातीत लावायचं. द्रोणासकट जमिनीत ठेवता येतं, मुळाला धक्का लागत नाही. माघातच माझी कारल्याची वीस रोपं दोन पानांवर आली. लातूरात तेव्हा कुणाचं कारलं जमिनीवर नव्हतं.

पण दिकवालीच्या हातचं रोप घेणार कोण? गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघायच्या आणि खाली व्हायच्या. शेवटी महादेवीअक्काच आल्या. मी त्यांना आधीच सांगून टाकलं, हे बी मी तापावर उगवलंय, घ्यायचं तर बघा.

अक्का भिंतीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "कारलं काय खोकतंय का? दे सहा."

चैत्रात त्यांच्या मांडवावर कारली लोंबायला लागली. सगळ्या गल्लीच्या आधी. मग बायका येऊ लागल्या. भिंतीवर बी ठेवायच्या, चार दिवसांनी द्रोण घेऊन जायच्या आणि जाताना भिंतीवर आणा-दोन आणे ठेवून जायच्या. दोडका, पडवळ, वांग्याची रोपं, सगळं माझ्याकडे येऊ लागलं. सुशीलेच्या हाताला गुण आहे म्हणू लागल्या. अक्कांनी तापाचं कुणाला सांगितलं नाही. त्यांना गुण हातात दिसत होता. तो कुठं होता ते मला ठाऊक होतं, आणि मी कुणाचा गैरसमज मोडला नाही. तेवढी लबाडी माझ्याकडून झाली.

भिंतीवरचं सगळं मी अक्कांसाठी बाजूला ठेवत होते. दोनदा यांच्या हाती पाठवलं. दोन्ही वेळा परत आलं. "तिला म्हणावं, पायानं ये."

कुजलेलं बी

वर्ष गेलं. पुन्हा पौष आला. मी खालाच्या बियांतून धरलेलं घरचं कारल्याचं बी टवकलं, भिजवलं, चिंधीत बांधलं, कमरेला लावलं. चौथ्या दिवशी सोडून पाहिलं. काही नाही. सहाव्या दिवशी नाही. आठव्या दिवशी चिंधीला वास आला. बिया बोटांत दाबल्या तर आत पांढरा चिकटा.

दुसरी पुरचुंडी बांधली. तिचंही तेच.

आता नीट ऐक, कारण ही चूक तूही करशील. मला वाटलं, मी मरत चालले. अंग थंड पडतंय. हाताचा गुण गेला म्हणजे जीवच निघालाय. शकू तुळशीपाशी उभी राहून मला तिची नवी बाहुली दाखवत होती आणि मी मनात म्हणत होते, ही पोर आता तिथूनच मला शेवटची बघणार.

तू विचारशील, ताप आहे की नाही ते कळत नव्हतं का? नव्हतं. घरात तोंडात धरायची काच नव्हती. डॉक्टरांकडे जायची ती सकाळी, तेव्हा ताप कधीच नसायचा. ते विचारायचे, "शाम को?" आणि मी मान हलवायची, कारण वर्षभर रोजच होता, तर असणारच. स्वतःच्या हाताला स्वतःचं अंग कधी गरम लागत नाही. आणि दुसऱ्या कुणाचा हात त्या घरात माझ्या कपाळाला लागला नव्हता. यांचाही नाही. त्यांना दोष देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि यांना एकच लेक आहे.

तिसरी पुरचुंडी कुजली त्या संध्याकाळी मी खोलीच्या दारात बसून रडले. आवाज करून. मी आवाज करून रडल्याचं सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या तुळशीला दिवा लावायला आल्या होत्या.

"काय झालं?"

मी कुजलेल्या बिया दाखवल्या. तापावर बी उगवायची गोष्ट त्यांना पहिल्यांदाच सांगितली. आता उगवत नाही म्हटलं. "आई, माझं अंग थंड पडत चाललंय. शकूला सांभाळा."

सासूबाई दिवा हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावतील, घाणेरडा प्रकार म्हणतील. त्यांनी तिन्ही चिंध्यांकडे पाहिलं.

"मागच्या माघात उगवत होतं ना?"

"हो."

"तेव्हा थंडी होतीच की."

"होती."

त्यांनी दिवा तुळशीत ठेवला. तुळस ओलांडली. माझ्यासमोर वाकल्या आणि उजव्या हाताचा पालथा पंजा माझ्या कपाळावर ठेवला, मग गळ्याला, मग पदराखाली पाठीला. माझ्या लेकराला पुसलं होतं तोच हात. तेलाचा वास येत होता.

"अगं वेडाबाई," त्या म्हणाल्या, "तुला ताप नाहीये."

मी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"दिवेलागण झाली. अंग गार आहे. शेजारच्या बाईचं असतं तेवढंच गार. बी कशानं उगवेल? डोंबलानं?" मग त्या घराकडे तोंड करून एवढ्यानं ओरडल्या की यांच्या हातून नकलेचा कागद पडला. "अरे, इकडं ये! सुशीलेचं बी कुजलं!"

हे धावत आले. त्यांना वाटलं, काहीतरी भयंकर झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हट्टानं डॉक्टरांकडे संध्याकाळी गेलो. त्यांनी काच लावली, पाहिली, पुन्हा लावली. एक काच घरी दिली आणि महिनाभर रोज संध्याकाळी लावून यांना लिहून ठेवायला सांगितलं. थुंकीही पुन्हा तपासली. महिन्यानंतर ते यावेळी माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक है."

मी आयुष्यात परक्या पुरुषाशी पहिल्यांदा उलट बोलले. "दिक की ठीक?"

डॉक्टरांना कळलं नाही. यांना कळलं. यांनी खिशातला कागद काढला, त्यावर मराठीत 'ठीक' लिहिलं आणि माझ्या हातात दिला. कागद अजून आहे. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

घरी आलो तर सासूबाई शकूला घेऊन तुळशीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा." शकू हलेना. तिला वर्षाची सवय लागलेली. एक पाऊल पुढं टाकायची आणि आजीकडे वळून बघायची. शेवटी मीच खाली बसले. ती आली, माझ्या समोर उभी राहिली आणि एका बोटानं माझा गुडघा चाचपून पाहिला. चूल गरम आहे का बघतात तसा.

मग बसली.

हातात

कारल्याचं बी आता मी चुलीमागं उबेला ठेवते, भुशाच्या टोपल्यात. चारऐवजी सहा दिवस लागतात. बायका म्हणतात, सुशीले, तुझा पूर्वीचा गुण राहिला नाही. मी म्हणते, नाही राहिला.

यमू, वहीसोबत कारल्याच्या बारा बिया पाठवतेय. खालाच्या वाणाच्या आहेत. तुला संध्याकाळी ताप येतो असं वन्संनी लिहिलंय. टोक टवकून, भिजवून कमरेला बांध. उगवलं तर द्रोणात लाव. आणि ज्या थंडीत उगवणार नाही, त्या थंडीत माझ्यासारखी रडू नकोस. कुणाला तरी संध्याकाळी कपाळाला हात लावायला सांग. लाजू नकोस.

एवढंच राहिलं. फाल्गुनात, उन्हं चढल्यावर, मी मागच्या गल्लीतून चालत महादेवीअक्कांच्या दारी गेले. शकू बोटाला होती. अक्का सुपात डाळ पाखडत होत्या. मी रुमाल पुढं केला, त्यांचाच, धुतलेला. उंबऱ्यावर ठेवावा की काय म्हणून माझा हात खाली जायला लागला. अक्कांनी सूप टाकलं आणि मधेच माझा हात धरला, रुमालासकट. सोडेनात.

"हात गरम हाय की गं, सुशा?"

"उन्हातून चालत आले, अक्का."

त्यांनी रुमाल सोडून पाहिलासुद्धा नाही, कनवटीला खोचला. पैसे सगळे फिटले.